आठवीची विधानसभा

विज्ञान शिकवणाऱ्यांकडे किस्से बेताचेच असतात. एखादी परीक्षानळी फुटते, कुणाची भुवई जळते, संपलं. नागरिकशास्त्र शिकवणाऱ्याचं तसं नाही. तुम्ही वर्गात 'सरकार' हा शब्द उच्चारायचा अवकाश, की प्रत्येक मूल आपापल्या घरचं सरकार दप्तरातून काढून तुमच्यासमोर ठेवतं. मग किस्से साचत जातात, आणि स्टाफरूममध्ये चहा गार होत राहतो.

माझा जन्म याच किनाऱ्यावरचा, सातपाटी आणि तारापूरच्या मधल्या एका कोळी गावातला. लहानपणीच मला नागपूरला मावशीकडे शिकायला पाठवलं, ती मी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाल्यावरच परतले. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, जिल्हा परिषदा नव्या होत्या, गावात हायस्कूल नवं होतं आणि मीही नवीच होते. मला वाटलं होतं, लोकशाही म्हणजे काय हे कुणीतरी येऊन सांगेल म्हणून मुलं वाटच पाहत असतील. मी फळ्यावर राज्यघटनेची प्रास्ताविका लिहीन आणि ती श्वास रोखून वाचतील.

प्रत्यक्षात मी 'आम्ही भारताचे लोक' एवढं लिहिलं, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, आमी म्हंजे कोन कोन?"

नागपूरला बी.ए.च्या चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

*

पहिल्याच आठवड्यात मी वर्गाला विचारलं, "सरकार म्हणजे कोण?"

दत्तू उभा राहिला. तो एका तांडेलाचा मुलगा. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला आधी उत्तर द्यायचा हक्क आपल्या घराण्याचा आहे असं दत्तूला वाटे.

"दारू शोधाया जीप येते ना बाई, ती."

दारूबंदीचे दिवस होते. वर्गाने माना डोलावल्या.

"आमच्याकडं सरकार जीपनी येत नाय," रूपजी म्हणाला. रूपजी वाणगावच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा, गावातल्या एका वाडीवाल्याकडे काम करून शिकणारा. "आमच्याकडं जंगलातून चालत येतं. आनि जेवून जातं."

"काय जेवतं?" दत्तूने विचारलं.

"कोंबडी."

दत्तूने थोडा विचार केला. "मग तुमचं सरकार बरं. येतं, बसतं, जेवतं. आमचं नुसतं घर हुंगून जातं."

मी फळ्यावर लिहिलेली व्याख्या पुसली आणि "सरकार आपण निवडतो" असं वाक्य लिहिलं. रूपजीने ते वाचलं आणि हळूच विचारलं, "मग आमी असं का निवडलं, बाई?"

*

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं.

माझ्या वर्गात काशी नावाची मुलगी होती. चौदा वर्षांची, आवाज खणखणीत, उत्तर तयार. पण ती कधी वर्गात असे, कधी नसे. ती एकटी नव्हे. कधी कधी अर्धा वर्ग नसे.

याचं कारण मला माझ्या पद्धतीने कळलं. एका दिवशी मी 'लोकशाहीची मूल्यं' या विषयावर बोलले आणि वर्ग गच्च भरलेला होता. दुसऱ्या दिवशीही भरलेला. तिसऱ्या दिवशीही. माझी खात्री पटली की माझ्या बोलण्यात काहीतरी आहे. मी नागपूरच्या प्राध्यापकांना तसं पत्रसुद्धा टाकलं. पत्र त्यांच्या हाती पडलं असेल त्या सुमाराला माझ्या वर्गात सात मुलं होती, आणि त्यातलं एक तापाने फणफणलं होतं.

मी हेडसरांकडे गेले. हेडसर पालघरचे, सज्जन माणूस, फक्त वरून आलेल्या कुठल्याही कागदाला घाबरणारे. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं.

"बाई, तुम्ही बोललात तेव्हा अष्टमी होती. अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते, होड्या बाहेर जात नाहीत. आज पौर्णिमा. भर दुपारी भरती लागते, भरतीबरोबर होड्या आत येतात. मग मासळी उतरवायला, निवडायला, वाळत घालायला घरातला प्रत्येक हात लागतो."

"म्हणजे माझं भाषण..."

"भाषण चांगलं होतं," हेडसर म्हणाले. "समुद्राने ऐकू दिलं, एवढंच."

मग त्यांनी काशीचं सांगितलं. तिची हजेरी फार कमी पडत होती. वर्षअखेर ती भरली नाही तर तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं. आणि तिच्या आईने गावभर सांगून ठेवलं होतं, की पोरीचं एक वर्ष जरी गेलं तरी शाळा बंद, डोक्यावर पाटी, आणि पालघरचा बाजार.

"नियम बदलता येणार नाही का?" मी विचारलं.

"नियम?" हेडसरांनी असा चेहरा केला, जणू मी शाळेचं छप्पर काढायला सांगितलं होतं.

*

सरकारची तीन अंगं शिकवायची होती. कायदे करणारं एक, कायदे राबवणारं दुसरं, न्याय देणारं तिसरं. तिन्ही सत्ता एकाच्या हाती गेल्या की काय अनर्थ होतो ते मी अशा तळमळीने सांगितलं, की पुढच्या बाकावरची मुलगी घाबरून शेजारणीला चिकटली.

दत्तूने ते सगळं मनावर घेतलं. संध्याकाळी घरी जाऊन त्याने बापाला सांगितलं की तुमच्या होडीवर हुकूमशाही आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तांडेल शाळेच्या दारात उभा. रुंद छातीचा, हसरा, गळ्यात रुमाल.

"बाई, पोरगा म्हनतो माझ्या होडीवर तीन सरकारं पायजेत. बसवा की. जागा हाय. फक्त वारा फिरला तर मी त्यातल्या कुनाला विचारायचं, तेवढं सांगून ठेवा."

मी तरुण होते, मागे हटणं ठाऊक नव्हतं. "सगळ्यांना विचारा," मी म्हटलं. "मत घ्या."

"घेतो ना. पन मतं मोजाया कोनीतरी पान्याच्या वर राहिला पायजे."

मागे उभी असलेली मुलं खिदळली. मीही सोडलं नाही. "बरं, खलाशाचं चुकलं तर शिक्षा कोण देतं?"

"मी."

"आणि तुमचं चुकलं तर?"

तांडेलाने रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "ते मग घरी गेल्यावर व्हतं," तो म्हणाला.

त्यानंतर वर्गात 'न्यायमंडळ' म्हटलं की दत्तू मान खाली घालायचा.

*

पुस्तकाने काम होत नाही असं पाहून मी आठवीची विधानसभा स्थापन केली. गुप्त मतदान झालं. मतपेटी होती बिस्किटाच्या डब्याची. दत्तू मुख्यमंत्री झाला. त्याची खाती म्हणजे फळा, खडू, आणि पिण्याच्या पाण्याचा माठ.

तीन दिवसांनी वर्गात गेले तर मुख्यमंत्र्याच्या जागेवर एक चिमुरडा बसलेला. पाय जमिनीला टेकत नव्हते.

"तू कोण?"

"मोरू. दत्तूचा धाकला भाऊ. चौथीत हाय. दत्तू होडीवर गेला. आमचा खलाशी काका आजारी पडला ना. घरानं मला पाठवला."

मला आधी कळेना, मग काशीने समजावलं. होडीवर असंच असतं. एखादा खलाशी आजारी पडला तर त्याच्या घरचा दुसरा माणूस त्याच्या जागी जातो. जागा माणसाची नसते, घराची असते. जागा रिकामी ठेवणं म्हणजे बाकीच्यांशी बेइमानी.

मी अर्धा तास घालवून सांगितलं, की लोकशाहीत मत माणसाला देतात, घराला नाही. मुख्यमंत्र्याने बदली पाठवायची नसते. मोरू तोंड उघडं ठेवून ऐकत होता. मी संपवल्यावर त्याने विचारलं, "माठ भरू का? अर्धा झालाय."

त्याने माठ भरला. झाकण धुतलं. खडूचे तुकडे लांबीप्रमाणे लावून ठेवले. फळा ओल्या फडक्याने पुसला. निवडून आलेल्या सरकारने तीन दिवसांत यातलं काहीही केलं नव्हतं.

दत्तू परतला तो थेट आपल्या बाकावर. पदाचं नाव नाही. मी म्हटलं, "अरे, तू मुख्यमंत्री आहेस ना?"

"असू दे मोरू," तो म्हणाला. "घरातच हाय ना."

मी हट्टाने पोटनिवडणूक घेतली, कारण तत्त्व म्हणजे तत्त्व. दत्तू पुन्हा निवडून आला. माठ मात्र वर्षभर मोरूच भरत राहिला. ही प्रथा जगात इतरत्रही असावी, असा मला पुढे संशय आला.

*

सत्ताधारी झाले. विरोधी पक्षात बसायला कुणी तयार होईना.

मी चिठ्ठ्या टाकून दहा जणांना डाव्या बाजूला बसवलं. दुपारी पाहते तर डाव्या बाजूची मुलं उजव्या बाजूच्यांशी बोलत नव्हती. डबे वेगळे, पाणी वेगळं. संध्याकाळपर्यंत ती बातमी विहिरीवर पोहोचली, आणि सकाळी एक आई कमरेला पदर खोचून माझ्यासमोर आली.

"माझ्या पोराला विरोधी का केला? त्यानं काय वाईट केलं?"

"वाईट काही नाही हो. विरोधी पक्ष लोकशाहीत आवश्यक असतो. तो सरकारच्या चुका दाखवतो."

"मग ज्याला चुका दाखवायची खोड हाय त्याला करा. माझा पोर गरीब हाय."

हे ऐकून मागच्या बाकावरून काशी उठली, दप्तर घेतलं आणि डाव्या बाजूला पहिल्या जागेवर जाऊन बसली. "मी होते," ती म्हणाली. "मला खोड हाय."

काशीची आई मासळीचा लिलाव पुकारायची, आणि तो गळा काशीकडे जसाच्या तसा आला होता. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "खडू संपून आठवडा झाला, सरकार झोपलं होतं का?" शेजारच्या वर्गातले गुरुजी दार उघडून पाहून गेले. सरकार खरंच जागं झालं. काशी आठवड्यातून जितके दिवस यायची तितकेच दिवस आमच्याकडे लोकशाही असायची.

अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी एकमताने रूपजीला निवडलं. मी कारण विचारलं. मला वाटलं त्याची शांत वृत्ती, निःपक्षपातीपणा वगैरे.

"त्याची गावात कुनाशी सोयरीक नाय," दत्तू म्हणाला. "तो कुनाचा मामा नाय, कुनाचा भाचा नाय. त्याला काय बी निवाडा करता येतो."

*

मी काशीच्या आईला भेटायला गेले. जानकीबाय किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होत्या. बांबूंवर आडव्या दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर बोंबलांच्या जोड्या, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून लटकवलेल्या.

मी तयारीनिशी गेले होते. समान संधी म्हणजे काय, स्वतंत्र देशात मुलगी शिकणं का महत्त्वाचं, उद्या जिल्हा परिषदेत बायका बसतील तेव्हा त्यांत काशी का नसावी, सगळं सांगितलं. जानकीबाय मध्येच माझ्या हातात दोन बोंबील देत आणि म्हणत, "हां, बोला." मी बोलत होते. त्या आणखी दोन देत. मीही त्यांच्यासारखेच अडकवून दोरीवर टाकत होते.

माझं संपलं तेव्हा एक अख्खी दोरी भरली होती.

जानकीबायनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. "बाय, भाषान लांब होतं ते बरं झालं."

मग त्या माझ्या शेजारी वाळूत बसल्या आणि मनातलं बोलल्या. "पोरीला शिकायचं हाय ते मला दिसत नाय असं नाय. पन मी एकटी. तिचा बापूस समुद्रात असतो, होडी लागली की मासळी मला आनि तिला उचलायची असते. न्हायतर उन्हात नासते. तुमची घंटा अकराला, ती रोज अकरालाच. समुद्राची घंटा रोज पुढं सरकते. मी कुनाचं ऐकू? तुमच्या सरकारला सांगा, दोघांनी मिळून एक घंटा करा."

"मी बोलते वर," मी म्हटलं.

"बोला. तुमाला बोलता येतं," त्या म्हणाल्या, आणि पुढची दोरी बांधायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत होतं : 'बाईंच्या हाताला वास येतोय. विरोधी पक्षाने चौकशीची मागणी केली आहे.'

*

मतदारसंघाचा तास. मी नकाशा टांगला, रेषा दाखवल्या. "या रेषेच्या आत जे राहतात ते या मतदारसंघाचे."

रूपजीने हात वर केला. "बाई, दिवाळी झाली की आमचा पाडा मिठागराला जातो. म्हातारी मानसं सोडून सगळा. पावसाच्या तोंडावर परत येतो. मग मतदारसंघ तिकडं येतो की हिकडंच राहतो?"

"तो इथेच राहतो."

"त्यात मग कोन राहतं?"

"म्हातारी माणसं. आणि... रेषा."

"म्हंजे उमेदवार भाषान कुनाला करतो?"

दत्तू म्हणाला, "कोंबड्यांना."

वर्ग हसला. रूपजीही हसला, पण नकाशा उतरवून गुंडाळताना त्याने डोंगराच्या बाजूची रेषा बोटाने पुन्हा एकदा पाहिली. त्या दिवशी मी तास लवकर सोडला.

*

मी 'वर' बोलले, म्हणजे हेडसरांशी. हेडसर म्हणाले, शाळेची वेळ वरून ठरते. मी म्हटलं, मग वरच्यांना सांगू. ते म्हणाले, वरचे लवकरच येणार आहेत, तपासणीला, आणि त्या दिवशी कृपा करून कुणीही काहीही सांगू नये.

तपासणीच्या साहेबांना आमच्या विधानसभेची बातमी कळली होती. त्यांना ती पाहायची होती. हेडसरांनी वर्गाला चुना दिला आणि चर्चेचा विषय स्वतः ठरवला : 'विद्यार्थी आणि शिस्त'. सत्ताधारी शिस्तीच्या बाजूने बोलतील, विरोधकही शिस्तीच्या बाजूने बोलतील.

साहेबांनी कळवलेला दिवस कॅलेंडरवर साधा मंगळवार होता. काशीने ऐकलं आणि लगेच म्हणाली, "बाई, बीज हाय. होड्या एकच्या सुमाराला लागतील."

"अकराला सुरू करू, बाराला आटपू," हेडसर म्हणाले.

साहेबांची जीप बोईसरच्या रेल्वे फाटकात मालगाडीमागे अडकली. ते आले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. हार झाला, नारळ झाला. साहेब खुर्चीत बसले, पायावर पाय टाकला, आणि म्हणाले, "चालू द्या."

नेमक्या तेव्हाच खिडकीतून पहिल्या होड्या दिसल्या. वर्गातल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. हेडसरांनी जाऊन खिडकी लावली. मग त्या माना मिटलेल्या खिडकीकडे पाहत राहिल्या.

रूपजीने टेबलावर डस्टर आपटलं. "सभागृहाचं काम सुरू. मुख्यमंत्री शिस्तीवर बोलतील."

काशी उभी राहिली. "अध्यक्ष महाराज, त्याच्या आधी मला एक विधेयक मांडायचं हाय."

हेडसर अर्धे उठले. "काशी, हे ठरलेलं नाही. बस खाली."

रूपजीने त्यांच्याकडे पाहिलं. आवाज नम्र होता. "सर, सभागृहात बाहेरच्याला बोलता येत नाय. बाईंनी शिकवलंय."

साहेब हसले. "बरोबर आहे अध्यक्षांचं. बसा हो हेडमास्तर."

"शाळेची घंटा पान्याच्या वेळेनुसार वाजावी, असं हे विधेयक हाय," काशी म्हणाली. लिलावाचा गळा होता, पण त्या दिवशी ती हळू बोलत होती. "माझी हजेरी कमी हाय. परीक्षेला बसता येनार नाय. आळस केला म्हनून नाय. मला दोन घंटा हायत, आनि मी एकच हाय. पानी मागंपुढं करता येत नाय. घंटा येते. एवढंच."

ती बसली. दूर किनाऱ्यावरून पहिल्या हाका ऐकू यायला लागल्या होत्या.

"सरकारचं म्हननं?" रूपजीने विचारलं.

दत्तू ताडकन उभा राहिला. "सरकारला विधेयक मान्य हाय. लवकर मतदान घ्या."

"सरकार आणि विरोधक एकमत?" साहेब माझ्याकडे झुकून म्हणाले. "हे दिल्लीलासुद्धा पाहिलं नाही मी."

रूपजीने हात मोजले. विरोधात कोण विचारलं. कुणी नव्हतं. "विधेयक मंजूर," तो म्हणाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. हेडसरांनीही वाजवल्या, कारण साहेब वाजवत होते.

टाळ्या थांबल्यावर रूपजीने पुन्हा डस्टर आपटलं.

"सभागृह ओहोटी लागेपर्यंत तहकूब."

आणि अख्खी विधानसभा उठली. धक्काबुक्की नाही, गलका नाही. आधी सरकार, मग विरोधी पक्ष, रांगेने दाराबाहेर पडले आणि किनाऱ्याकडे पळत सुटले. सगळ्यात शेवटी रूपजी निघाला.

"तू कुठे निघालास?" मी विचारलं. "तुझी तर होडीसुद्धा नाही."

"सभागृह जाईल तिथं अध्यक्ष जानार ना, बाई."

रिकाम्या बाकांसमोर आम्ही तिघं उरलो. साहेबांनी पायावरचा पाय खाली घेतला. "बाई, हे नाटकातलंच आहे ना?"

"नाही साहेब," मी म्हटलं. "कायदा मंजूर झाला की लागू होतो, असं मी शिकवलंय."

हेडसरांनी डोळे मिटून घेतले.

साहेब त्यांच्याकडे जेवले. सुरमई होती, तेव्हा जेवण लांबलं. चारच्या पुढे, ओहोटीचं पाणी बरंच मागे गेल्यावर, ते निघण्याआधी टोपी घ्यायला वर्गात आले, तर मुलं परत येत होती. केस विस्कटलेले, मनगटांना खवले चिकटलेले. सगळ्यांत पुढे काशी. मागे शाळेच्या फाटकापर्यंत जानकीबाय आल्या होत्या. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

एकही बाक रिकामा नव्हता. रूपजी टेबलामागे गेला. "सभागृहाचं काम पुढं चालू. विषय : विद्यार्थी आनि शिस्त."

साहेबांनी हजेरीपट मागून घेतला आणि स्वतः नावं पुकारली. शेवटच्या नावापर्यंत प्रत्येकाने 'हजर' म्हटलं. मग त्यांनी पट हेडसरांना परत दिला. हेडसरांनी टाक उचलला आणि तो हवेतच राहिला.

"साहेब, लावू कितीची? अकराला मुलं होती, तुम्ही नव्हता. दोनला तुम्ही होता, मुलं नव्हती."

साहेबांनी टोपी घातली, वर्गावरून एकदा नजर फिरवली. "सभागृहाला विचारा," ते म्हणाले, आणि जाऊन जीपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजाडताच शाळेत गेले. भिंतीवरच्या वेळापत्रकातले सोमवार, मंगळवार, बुधवार एकेक करून खोडले आणि त्यांच्या जागी प्रतिपदा, बीज, तीज लिहायला लागले. अष्टमीला घंटा अकरालाच. एकादशीला बारानंतर. हेडसर केव्हा येऊन दारात उभे राहिले ते मला कळलं नाही. "बाई, याला मान्यता नाही," ते म्हणाले.

तीज होती, होड्या दोनच्या सुमाराला लागणार होत्या. त्याआधी शाळा सुटायची तर ती सातला भरायला हवी होती, आणि सात वाजत आले होते. मी खडू ठेवला, हात झटकले आणि घंटा वाजवायला गेले.